सेवा आणि वेठ



विनयपिटकातील एक प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी विहारात ऐकला असेल. तथागत आनंदाला बरोबर घेऊन भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत होते. एका ठिकाणी अतिसाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला त्यांना दिसला. तथागतांनी विचारले, "तुझी देखभाल करणारा कोणी नाही काय?" तो म्हणाला, "नाही." "का नाही?" यावर त्या आजारी भिक्खूने दिलेले उत्तर असे की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहात नाहीत. मग तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. पाणी स्वतः ओतले, आनंदाने त्याला धुतले. तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले व बिछान्यावर निजविले. त्यानंतर भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी बजावले की, तुमची शुश्रूषा करायला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रसंग आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आवर्जून घेतला आहे.

या कथेतील करुणा सर्वांना दिसते. परंतु त्या आजारी माणसाच्या उत्तराकडे आपले लक्ष जात नाही. तो 'उपयोगी' नव्हता. ज्याच्याकडून परतफेड होणार नाही, त्याच्याकडे सद्धर्मात आलेली माणसेसुद्धा पाठ फिरवितात, हे तथागतांना त्या दिवशी दिसले. भूकंप, महापूर, वादळ यांनी गावे उद्ध्वस्त होतात तेव्हा धर्माच्या प्रेरणेने स्वयंसेवक धावून जातात. त्यांच्या कामाची परीक्षा याच प्रश्नाने करावी लागते. ट्रक कोणाच्या दारात थांबला? आणि जो कोणाच्याच उपयोगाचा नाही, त्याच्यापर्यंत कोण गेले?

वर्तमानपत्रे प्रत्येक आपत्तीनंतर लिहितात की निसर्ग भेदभाव करीत नाही. हे वाक्य ऐकायला बरे वाटते. पण आपला वाडा नदीच्या खालच्या अंगाला कोणी बसविला? तो नदीने बसविला नाही. पाणी चढते तेव्हा प्रथम कोणाच्या चुली विझतात हे गावात सर्वांना ठाऊक असते. ओसरते तेव्हा चिखल शेवटी कोणाच्या घरातून निघतो हेही ठाऊक असते.

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावर आदळल्या. तामिळनाडूत सुमारे ८,००० माणसे गेली. त्यांपैकी ६,००० हून अधिक एकट्या नागपट्टिणम् जिल्ह्यातील. त्या आठवड्यात या किनाऱ्यावर माणुसकीचे मोठे दर्शन घडले, ते आपण मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. नागूरच्या दर्ग्याने आपल्या जमिनीत प्रेते पुरू दिली. मेलेला हिंदू की मुसलमान हे विचारले नाही. परंगीपेट्टैच्या मुस्लिम जमातीने किनाऱ्यावरच्या हिंदू मच्छिमारांना शिजवून खाऊ घातले. चर्च उघडली, शाळा उघडल्या. ज्यांची पूजा वेगळी त्यांच्या ताटात भात पडला.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. कुजू लागलेली प्रेते उचलायची कोणी? त्यासाठी इतर नगरपालिकांतून सफाई कामगार आणण्यात आले. ते बहुतेक दलित होते. अनेकांच्या हातात धड मोजे नव्हते, पायात बूट नव्हते. ढिगाऱ्यातून, बाभळीच्या काट्यांतून त्यांनी शेकडो देह काढले. जगभरच्या वृत्तपत्रांत स्वयंसेवकांची छायाचित्रे आली. या माणसांना मात्र कोणी स्वयंसेवक म्हटले नाही, आणि ते खरेही होते. त्यांना 'येता का?' असे विचारले गेले नव्हते. त्यांना पाठविले गेले होते.

निवाऱ्याच्या शिबिरांतही हेच घडले. मानवी हक्कांचे काम करणाऱ्या संघटनांनी त्या वेळी नोंदवून ठेवले आहे की, ठिकठिकाणी दलित कुटुंबांना इतरांबरोबर राहू दिले गेले नाही आणि त्याच टाकीचे पाणी घेऊ दिले गेले नाही. अडविणारे लोक कोण होते? त्यांचीही मुले लाटेने नेली होती, त्यांच्याही होड्या फुटल्या होत्या. त्यांचे दुःख खोटे नव्हते. दुःखाने माणूस आपोआप शहाणा होतो, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. घर वाहून गेले, पण विटाळ वाहून गेला नाही.

पुढे नुकसानभरपाईची वेळ आली. होडी ज्याच्या नावावर, त्याला होडीचे पैसे. जाळे ज्याचे, त्याला जाळ्याचे. पण जो दुसऱ्याच्या होडीवर रोजंदारीने जात होता, जी बाई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकत होती, जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता आणि ते शेत आता खाऱ्या पाण्याने नापीक झाले होते, त्याचे काय बुडाले? कागदावर काहीच नाही. ज्याच्याजवळ काही नव्हते त्याचे काही गेले नाही, असा हा हिशेब! मदत करणारे अनेकजण मनाने चांगले होते. पण गावच्या पंचांनी यादी दिली ती त्यांनी घेतली, आणि यादीत जो नव्हता तो त्यांच्या दृष्टीने जगातच नव्हता.

आता त्याच लाटेच्या दुसऱ्या किनाऱ्याकडे वळू. श्रीलंकेत ३० हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. तो देश बहुसंख्येने बौद्ध. तेथे मदतीला ज्या संस्था लगेच उभ्या राहिल्या त्यांपैकी एकीचे नाव सर्वोदय श्रमदान संघटना. 'सर्वोदय' हे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. तरी तिचा आरंभ ऐका. १९५८ साली कोलंबोच्या नालंदा विद्यालयातील एक तरुण शिक्षक, ए. टी. अरियरत्ने, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कनतोलुव नावाच्या खेड्यात गेले. ते खेडे रोडिया जातीचे. बौद्ध म्हणविणाऱ्या सिंहली समाजातसुद्धा रोडियांना सर्वांत खालचे समजले जात असे. भीक मागणे हेच त्यांच्या वाट्याला ठेवलेले. शहरातील शिकलेल्या घरांतील मुलांनी तेथे राहून, त्यांच्याबरोबर खाऊन, मातीत काम केले. बुद्धाच्या देशात जात कशी, असा प्रश्न कोणी विचारील. जात शिरली खरी. पण तिच्यावर पहिला घाव घालायला एक शाळामास्तर गेला, हे वाचताना माझ्यासारख्या मास्तराची छाती थोडी फुगली तर वाचकांनी क्षमा करावी. अरियरत्ने यांनी 'सर्वोदय' शब्दाला बौद्ध अर्थ दिला: सर्वांची जागृती. १६ एप्रिल २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्सुनामी आली तेव्हा या संघटनेचे कार्यकर्ते हजारो गावांत होते. बाहेरून माणसे येण्याची वाट तिला पाहावी लागली नाही. जी गावे वाचली होती ती बुडालेल्या गावांच्या मदतीला उभी करण्यात आली. सिंहली, तामिळ, मुसलमान, सर्वांत काम झाले. कळुतर जिल्ह्यात लगोस्वत्त येथे ५५ घरांची नवी वसाहत उभी राहिली. संघटनेने आपल्या कामाचे पाच टप्पे ठरविले होते: तात्काळ मदत, पुनर्वसन, पुनर्बांधणी, मग समेट आणि शेवटी जागृती. पहिले तीन सरकारेही सांगतात. चौथा शब्द मात्र कोणत्याही सरकारी परिपत्रकात सहसा सापडत नाही. घर बांधून झाले, पण शेजारी शेजाऱ्याचे पाणी पीत नाही, तर पुनर्बांधणी झाली असे या बौद्ध कार्यकर्त्यांनी मानले नाही.

पण बंधूंनो, चीवर पाहिले की आपण डोळे मिटून हात जोडतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. त्या देशात सरकार आणि तामिळ बंडखोर यांच्यातील युद्ध तेव्हा शस्त्रसंधीने थांबले होते, पण संपले नव्हते. त्सुनामीची मदत उत्तर आणि पूर्व भागातील तामिळ व मुसलमान आपद्ग्रस्तांपर्यंत पोहोचावी म्हणून जून २००५ मध्ये दोन्ही बाजूंनी एका संयुक्त यंत्रणेवर सह्या केल्या. तिला कडाडून विरोध करणाऱ्यांत भिक्खूंचा एक राजकीय पक्ष होता. एका भिक्खूने तर त्यासाठी उपोषण आरंभिले. बंडखोरांच्या हाती पैसा जाईल, ही त्यांची भीती निराधार होती असे मी म्हणत नाही. त्या बंडखोरांनी निरपराधांचे रक्त पुष्कळ सांडले होते. पुढे न्यायालयाने त्या करारातील काही भाग स्थगित केले आणि ती यंत्रणा चाललीच नाही. किनाऱ्यापासून किती अंतरावर घर बांधू नये याचा सरकारी नियमही दक्षिणेत १०० मीटर आणि पूर्वेत २०० मीटर असा होता, तो पुढे शिथिल करावा लागला. करुणेची हद्द भाषेच्या हद्दीपाशी संपत असेल तर तिला बुद्धाचे नाव देऊ नये, एवढेच माझे म्हणणे. काषाय वस्त्राने ती हद्द ओलांडली जात नाही. त्याच देशातील पांढऱ्या कपड्यांतील गृहस्थ कार्यकर्त्यांनी ती ओलांडून दाखविली.

येथे धर्मांतराचा विषय येतोच. या पाक्षिकाच्या वाचकांना तो टाळता येणार नाही. आपत्तीनंतर मदतीच्या पेटीबरोबर आपला धर्म देणारेही येतात, असा आरोप दोन्ही किनाऱ्यांवर झाला. काही ठिकाणी तो खरा असेल, काही ठिकाणी मत्सराने केलेला. मग आपण काय करावे? भुकेल्या वस्तीत तांदूळ वाटताना त्रिशरण-पंचशीलाची पुस्तिका बरोबर द्यावी काय?

आळवी नगरीची कथा पाहा. एक गरीब शेतकरी तथागतांचे प्रवचन ऐकायला निघाला, तो नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार झाली. उपाशीपोटी तो धावत आला. सारी सभा वाट पाहात होती, कारण तथागत बोलतच नव्हते. तो आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली? उरलेले अन्न आहे काय असे विचारून त्याला जेवू घातले. त्याचे पोट भरल्यावर प्रवचनाला आरंभ केला. भिक्खूंत कुजबुज झाली की भगवंत हे असे कधी करीत नाहीत. त्यांना उत्तर मिळाले की, भुकेने पीडलेल्याला धम्म समजत नाही. या कथेचा अर्थ 'आधी जेवण द्या, म्हणजे मग तो ऐकेल' असा व्यापारी करू नये. तो शेतकरी ऐकायला स्वतः निघाला होता. त्याची इच्छा भुकेच्या आधीची होती.

आणि आपल्याला हे दुसऱ्याने शिकवायला हवे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक गेले ते पदरचे पैसे खर्चून. कोणी दागिने मोडले, कोणी चालत गेले. तेथे कोणाला धान्य मिळाले नाही, घर मिळाले नाही. उलट सवलती जाण्याची भीती होती. ज्या समाजाने एवढी किंमत मोजून धम्म घेतला, त्याने तो तांदळाच्या पिशवीबरोबर फुकट वाटणे हा त्या दिवसाचा अपमान आहे. १९९४ साली रेड क्रॉस आणि इतर मदत संस्थांनी आपत्तीतील कामासाठी जी आचारसंहिता मान्य केली तिच्यातही हेच तत्त्व आहे: वंश, धर्म, राष्ट्र न पाहता गरजेप्रमाणे द्यावे, आणि मदतीचा उपयोग धर्म किंवा राजकारण पुढे रेटण्यासाठी करू नये. तैवानमधील त्झू ची या बौद्ध संस्थेने ते आचरणात आणले आहे. १९६६ साली भिक्खुणी चेंग येन यांनी काही गृहिणींना बरोबर घेऊन ती काढली. रोजच्या बाजारातून एक नाणे वाचवून प्रत्येकीने बांबूच्या नळकांड्यात टाकायचे, एवढे तिचे भांडवल. १९९९ च्या सप्टेंबरात तैवानमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा याच संस्थेने पडलेल्या शाळांपैकी सुमारे ५० पुन्हा बांधून दिल्या. २०१३ साली फिलिपिन्समध्ये वादळाने टॅक्लोबान शहर झोडपले. तेथील लोक बहुसंख्य कॅथलिक. या बौद्धांनी त्यांच्याच गल्ल्या साफ करण्याचे काम त्यांनाच रोज मजुरी देऊन करविले. भीक वाटली नाही. त्यांचे स्वयंसेवक देताना दोन्ही हातांनी देतात आणि घेणाऱ्यापुढे वाकतात. देणारा वाकतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे वाकावे लागते ते घेणाऱ्याला, आणि तेही वरून टाकलेले झेलण्यासाठी.

आमच्याकडे एका रविवारी वंदनेनंतर पूरग्रस्तांसाठी वर्गणीचा विषय निघाला. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, त्या गावाने आमच्या बापाला विहिरीवर चढू दिलं नाही. आता त्यांच्या घरात पाणी गेलं, तर आमच्या घामाचा पैसा का द्यायचा?" सभेत कोणी हसले नाही, कोणी त्यांना गप्पही बसविले नाही. तो प्रश्न नुसता रागाचा नाही. क्षमा करा, विसरून जा, असे सांगणारे सहसा ज्यांना विसरण्यासारखे काही नसते असेच लोक असतात.

त्यांना मी दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते पाण्यावाचून जीव जात होता म्हणून नव्हे. इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी गेले. ज्या हक्काने आपण पाणी घेतले त्याच हक्काने आपण देऊही शकतो. मागणाराच माणूस नेहमी मागत राहील आणि देणारा देत राहील, अशी गावाची जी जुनी वाटणी आहे ती देण्याने मोडते. म्हणून द्यावे. कोणाची शाबासकी मिळावी म्हणून नव्हे, 'तुम्ही फार चांगले लोक आहात' हे ऐकण्यासाठी तर मुळीच नव्हे.

मात्र डोळे उघडे ठेवून जावे. मेलेली जनावरे ओढण्यासाठी, गटारे उपसण्यासाठी आणि प्रेते उचलण्यासाठी आपली पोरे, आणि पंगतीत वाढण्यासाठी दुसऱ्यांची, अशी कामाची वाटणी होत असेल तर तेथेच थांबून विचारावे. प्रेत उचलणे हलके काम नाही. तथागतांनी स्वतः घाण धुतली आहे. पण त्यांनी पाणी ओतले आणि आनंदाने धुतले. एकाने आज्ञा केली आणि दुसऱ्याने नाक दाबून केले, असे नव्हे. सर्वांचे हात चिखलात असतील तर ती सेवा. एकाच वाड्याचे हात चिखलात असतील तर ती वेठ, मग तिला स्वयंसेवक दल असे नाव द्या नाहीतर आणखी काही.

पुनर्बांधणीच्या वेळी तर हे डोळे अधिकच उघडे हवेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे ८,००० माणसे गेली. दोन-अडीच हात रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांनी माणसांना चिरडले. पाचटाच्या झोपडीतील पुष्कळ गरीब त्या पहाटे वाचले. गरिबीने एकदा तरी जीव वाचविला, असे म्हणावे लागते! नंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. अशी संधी इतिहासात क्वचित येते: नवी जमीन, नवे आखलेले रस्ते, जुनी वेस नाही. पण घर केवढे द्यायचे हे जमीन किती यावरून ठरले. भूमिहीनाला २५० चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्याला ७५०. त्याला गुरे, अवजारे, धान्य ठेवायचे असते, असे कारण सांगण्यात आले. ते अगदीच खोटे नाही. पण २५० फुटांत जन्मलेले मूल जुनेच गाव शिकले, फक्त सिमेंटमध्ये. घरे बांधायला आलेल्या संस्था अनेक होत्या, त्यांचा हेतू शुद्ध होता. आराखडा मंजूर होत असताना मात्र भूमिहीनाच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते.

१९५० साली महाबोधि सभेच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी लिहिले होते की आजचा भिक्खुसंघ लोकांना मार्ग दाखवीत नाही आणि त्यांची सेवाही करीत नाही; ख्रिस्ती धर्म आशियात पसरला तो शिक्षण आणि वैद्यकीय सेवेच्या द्वारे, आणि त्यासाठी त्यांचे धर्मोपदेशक धर्माबरोबर इतर विद्याही शिकलेले असतात. भिक्खूंवर हा ठपका ठेवून आपण उपासक मोकळे होतो. पण शिकलो ते आपण. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आपल्यापैकी अनेकांचे असेच असेल. या शिक्षणाचा पुराच्या दिवशी काय उपयोग, असे कोणी विचारील. भाकरी आणि चादरी देणारे पुष्कळ येतात. चार दिवसांनी पंचनामा सुरू होतो तेव्हा ते निघून गेलेले असतात, आणि खरी गरज तेव्हा लागते ती लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाची.

म्हणून या वर्षावासात प्रत्येक विहाराने एक काम हाती घ्यावे. वाड्यातील प्रत्येक घराच्या रेशनकार्डाची, जातीच्या दाखल्याची, घराच्या उताऱ्याची, बँकेच्या पुस्तकाची एकेक झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी आणि ती पाणी पोहोचणार नाही अशा उंच ठिकाणी ठेवावी. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बाईची मजुरी कोठे आणि किती हे एका वहीत लिहावे, कारण ते कोणत्याच उताऱ्यावर लिहिलेले नसते. कोणाला पोहता येते, कोणाजवळ ट्रॅक्टर आहे, कोणती म्हातारी एकटी राहते, ही नावे त्याच वहीत असावीत. शेजारच्या पारधी वस्तीची, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचीही असावीत; ती आपल्या विहारात येत नाहीत, हे कारण होऊ शकत नाही. आणि तलाठी पंचनाम्याला येईल त्या दिवशी आपल्यातील एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी ती वही घेऊन त्याच्याबरोबर शेवटच्या घरापर्यंत चालत जावी. त्या घरापुढे चिखल असेल तर वहाणा हातात घेऊन.